वेल्डवरचा भार आणि लाल ठिपका

क्रेनचा गर्डर असो, ट्रकची चासी असो की एखाद्या शेडची लोखंडी चौकट, ती संगणकावर फायनाइट एलिमेंट पद्धतीने तपासली की शेवटी एक रंगीत चित्र हाती येते. निळा भाग निर्धास्त, हिरवा ठीक, पिवळ्यावर नजर ठेवा आणि लाल म्हणजे धोका, इतकी त्याची भाषा सोपी. लाल ठिपका बहुतेक वेळा एकाच जागी उमटतो: दोन प्लेटी जिथे वेल्डने जोडल्या आहेत त्या कोपऱ्यात. त्यावर माऊस नेला की आकडा दिसतो, समजा ३४० मेगापास्कल. साधे स्टील २५० ला नमते, म्हणजे वेल्ड जाणार, असा निष्कर्ष पाच मिनिटांत निघतो आणि वेल्डची साइज ६ मिलिमीटरवरून १० वर नेली जाते. कधी उलटही होते. आकडा १८० दिसतो, सगळ्यांना हायसे वाटते आणि फाइल बंद होते. माझे म्हणणे असे की या दोन्ही निर्णयांना आधार नाही, कारण त्या कोपऱ्यातला आकडा वेल्डबद्दल फारसे काही सांगतच नाही. संगणकाला तिथला स्ट्रेस विचारू नये. वेल्डमधून किती बल पलीकडे जाते ते विचारावे. पहिल्या प्रश्नाला त्याच्याकडे खरे उत्तर नसते, तरीही तो बिनदिक्कत आकडा देतो. दुसऱ्याचे उत्तर त्याच्याकडे पक्के असते आणि ते सहसा कोणी मागत नाही.

हे पटण्यासाठी आधी हाताने वेल्ड कसा मोजतात ते पाहावे लागेल. एक प्लेट दुसरीवर उभी ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत वेल्ड मारला की त्रिकोणी छेदाची एक धातूची पट्टी तयार होते. तोच फिलेट वेल्ड. त्रिकोणाची पायाकडची बाजू म्हणजे वेल्डची साइज आणि कोपऱ्यापासून तिरप्या बाजूपर्यंतचे सर्वांत कमी अंतर म्हणजे थ्रोट. वेल्ड फाटतो तो साधारण याच सर्वांत अरुंद जागी, म्हणून सगळा हिशेब थ्रोटवर होतो. काटकोनातल्या सांध्यात थ्रोट साइजच्या ०.७ पट धरायचा, असे भारतीय मानक आयएस ८१६ आणि आयएस ८०० सांगतात. आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे ४१० मेगापास्कल ताकदीच्या स्टीलसाठी कारखान्यात मारलेल्या फिलेट वेल्डला थ्रोटवर सुमारे १८९ मेगापास्कल चालतात, साइटवर मारलेल्याला सुमारे १५८. एकच वेल्डर, एकच रॉड, तरी साइटवरच्या वेल्डवर मानकाचा भरवसा कमी. ज्याने पावसाळी वाऱ्यात परांचीवर उभे राहून मारलेला वेल्ड पाहिला आहे त्याला याचे कारण सांगायला नको.

या हिशेबातली खरी गंमत अमेरिकन अभियंता ओमर ब्लॉजेट याने रुजवलेल्या एका युक्तीत आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वेल्डेड स्ट्रक्चर्सवरच्या ग्रंथात वेल्डला जाडी नसलेली एक रेष मानले आहे. रेषेवर दर मिलिमीटरला किती न्यूटन बल येते ते आधी काढायचे आणि थ्रोट शेवटी ठरवायचा. समजा खांबाला २०० मिलिमीटर उंचीची एक ब्रॅकेट प्लेट दोन्ही बाजूंनी वेल्ड केली आहे आणि खांबापासून १५० मिलिमीटरवर तिच्यावर २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन टन, भार आहे. तो भार ४०० मिलिमीटर वेल्डवर वाटला की दर मिलिमीटरला ५० न्यूटन उभे बल येते. वाकवणारा मोमेंट ३० लाख न्यूटन-मिलिमीटर. दोन रेषांचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे उंचीच्या वर्गाचा तिसरा हिस्सा, १३,३३३ चौरस मिलिमीटर. भागाकार केला की वरच्या टोकाला दर मिलिमीटरला २२५ न्यूटन आडवी ओढ मिळते. दोन्ही मिळून सुमारे २३०. वेल्ड ६ मिलिमीटरचा घेतला तर थ्रोट ४.२ आणि थ्रोटवरचा स्ट्रेस ५५ मेगापास्कल. भार दीडपट धरला तरी ८२, आणि परवानगी १८९ ची. अर्ध्याहून अधिक ताकद शिल्लक. सगळा हिशेब पाकिटाच्या मागच्या बाजूवर मावतो, आणि त्यात स्ट्रेस अगदी शेवटच्या ओळीत येतो, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आता हीच ब्रॅकेट संगणकात टाकू. फायनाइट एलिमेंट पद्धत वस्तूचे लहान लहान तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडते. त्यांचे कोपरे म्हणजे नोड आणि तुकड्यांची सगळी जाळी म्हणजे मेश. प्रत्येक नोड किती सरकतो हे अज्ञात धरून हजारो समीकरणे एकदम सोडवली जातात. नोडचे सरकणे कळले की त्यावरून एलिमेंटमधली ताणाताण आणि तिच्यावरून स्ट्रेस निघतो. म्हणजे स्ट्रेस हा या पद्धतीचा दुय्यम माल आहे, आणि तुकडे जितके लहान तितका तो अचूक होत जातो असा सर्वसाधारण समज आहे. गुळगुळीत जागी तो समज बरोबर आहे. आत वळलेल्या तीक्ष्ण कोपऱ्यात मात्र तो कोसळतो. १९५२ साली एम. एल. विल्यम्स याने गणिताने दाखवले की अशा कोपऱ्याजवळ जाऊ तसा लवचीक पदार्थातला स्ट्रेस वाढतच जातो आणि प्रत्यक्ष कोपऱ्यात तो अनंत होतो. वेल्डची कड, जिला टो म्हणतात, ४५ अंशांत उतरत असेल तर तिथला स्ट्रेस अंतराच्या उणे ०.३२६ व्या घातांकाने वाढतो. साध्या भाषेत, एलिमेंटचा आकार अर्धा केला की कोपऱ्यातला आकडा सुमारे २५ टक्क्यांनी चढतो. वेल्ड न काढता दोन घन प्लेटी नुसत्या काटकोनात चिकटवल्या असतील तर सुमारे ३७ टक्क्यांनी. तीन वेळा मेश अर्धी केली, ८ मिलिमीटरवरून १ वर आणली, की वेल्डच्या कडेवरचा आकडा जवळजवळ दुप्पट. आणि वेल्डचे फटीग-आयुष्य, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराखाली तो किती टिकतो ते, स्ट्रेसच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात धरतात, त्यामुळे स्ट्रेस दुप्पट म्हणजे आयुष्य आठवा हिस्सा. एकच ब्रॅकेट, एकच भार. एक इंजिनिअर तिला चाळीस वर्षे देईल आणि दुसरा पाच. दोघांत फरक इतकाच की दुसऱ्याने जेवायला जाण्याआधी मेश बारीक करून ठेवली. सुरुवातीला सांगितलेले ३४० आणि १८० हे आकडे एकाच वस्तूचे असू शकतात.

बलाचे तसे होत नाही. फायनाइट एलिमेंटची समीकरणे मुळात समतोलाचीच समीकरणे आहेत: प्रत्येक नोडवर भोवतालचे सगळे एलिमेंट जेवढे ढकलतात-ओढतात त्याची आणि बाहेरच्या भाराची बेरीज शून्य आली पाहिजे, याच अटीवर उत्तर निघते. शेजारच्या दोन एलिमेंटमधला स्ट्रेस सीमेवर एकमेकांशी जुळत नाही, सॉफ्टवेअर तो सरासरीने गुळगुळीत करून दाखवते. पण नोडवरची बले शेवटच्या दशांशापर्यंत जुळतात. म्हणून आपल्या ब्रॅकेटमध्ये मेश २० मिलिमीटरची ठेवा की २ ची, वेल्डच्या रेषेवरच्या सगळ्या नोडबलांची उभी बेरीज २० किलोन्यूटनच येणार आणि मोमेंट ३० लाखच येणार. ज्या जागी स्ट्रेस मेशप्रमाणे रंग बदलतो त्याच जागी बल जागचे हलत नाही. तेव्हा संगणकाकडून बल घ्यावे, ते ब्लॉजेटच्या रेषेवर मांडावे आणि थ्रोटने भागावे. वेल्डचा भार काढायची विश्वासाची वाट हीच.

ही बले काढताना मात्र हात सांभाळावा लागतो. नोडबल मागताना वेल्डच्या एकाच बाजूचे एलिमेंट निवडायचे, ब्रॅकेटचे किंवा खांबाचे. दोन्ही निवडले तर बेरीज शून्य येते, आणि ते शून्य पाहून वेल्डवर भारच नाही असे मानणारे अहवालही निघू शकतात. बले वेल्डच्या रेषेला समांतर, तिला आडवी आणि प्लेटीतून बाहेर ओढणारी, अशा तीन दिशांत फिरवून घ्यायची. संगणकाचे एक्स-वाय-झेड वेल्डला माहीत नसतात. त्याहून मोठा खड्डा टोकाच्या नोडवर आहे. वेल्डवर सगळीकडे दर मिलिमीटरला १०० न्यूटन सारखेच येत असतील आणि एलिमेंट १० मिलिमीटरचे असतील तर मधल्या प्रत्येक नोडला १,००० न्यूटन येतात, पण टोकाच्या नोडला ५००, कारण त्याच्या एकाच बाजूला एलिमेंट आहे. सरसकट १० ने भागले की वेल्डचे टोक, जिथे तडे सर्वांत आधी जातात, तिथेच भार निम्मा दिसतो. ओहायोतल्या बॅटेल संस्थेत काम करणाऱ्या पिंगशा डाँग यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत ही अडचण रीतसर सोडवली आहे: नोडबलांवरून रेषेवरचे बल काढताना सगळ्या नोडची समीकरणे एकत्र मांडायची, म्हणजे टोकालाही न्याय मिळतो. प्रेशर व्हेसलसाठीच्या एएसएमई संहितेच्या आठव्या भागाच्या दुसऱ्या खंडाने २००७ मध्ये ही पद्धत स्वीकारली. आणखी एक बारीक गोष्ट. शेल एलिमेंट, म्हणजे प्लेटीऐवजी काढलेला नुसता पृष्ठभाग, प्लेटीच्या मध्यावर काढतात, त्यामुळे संगणकातला सांधा खऱ्या वेल्डपासून अर्ध्या जाडीइतका आत असतो. ८ मिलिमीटरच्या प्लेटीत याने फारसे बिघडत नाही. ६० मिलिमीटरच्या फ्लँजवर ३० मिलिमीटरचा हात विसरला तर मोमेंट चुकतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. समतोलातूनच बल काढायचे असेल तर पाकिटाच्या मागची बाजू काय वाईट होती? संगणक कशाला? एका ब्रॅकेटसाठी खरेच लागत नाही, आणि तिथे तो चालवणे म्हणजे वीज फुकट घालवणे. पण भार जायला एकाहून जास्त वाटा असल्या की नुसत्या समतोलाने भागत नाही. पालखीला चार खांदेकरी असले तरी वजन चौघांत सारखे वाटले जात नाही. ज्याचा खांदा उंच त्याच्यावर जास्त येते. लोखंडातही भार ताठरपणाप्रमाणे वाटला जातो. एखादा सांधा १२ मिलिमीटरच्या आणि ४ मिलिमीटरच्या अशा दोन सारख्या लांबी-रुंदीच्या प्लेटींनी धरला असेल तर १०० किलोन्यूटनमधले ७५ जाड प्लेटीतून आणि २५ पातळ प्लेटीतून जातात. हाताचा हिशेब पन्नास-पन्नास धरून मोकळा होतो आणि जाड प्लेटीचा वेल्ड दीडपट भाराखाली येतो. ही वाटणी काढण्यात फायनाइट एलिमेंटचा हात कोणी धरू शकत नाही, आणि ते साहजिक आहे, कारण तिचा जन्मच त्यासाठी झाला. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा १९५६ चा पायाभूत निबंध बोइंगमधल्या विमानाच्या पंखांच्या कामातून आला आणि त्याच्या शीर्षकात ताठरपणा आणि वाकणे हे दोन शब्द होते, स्ट्रेस नव्हता. या पद्धतीला फायनाइट एलिमेंट हे नावही रे क्लफ यांनी नंतर, १९६० मध्ये दिले.

ठरीव समजुतीने भाराची वाट चुकीची धरली तर काय होते, याचा धडा लॉस एंजेलिसमधल्या नॉर्थरिजने दिला. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे तिथे ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. लोखंडी चौकटीच्या इमारती उभ्या राहिल्या, वरून ठाकठीक दिसल्या. भिंतींची आवरणे काढल्यावर शंभराहून अधिक इमारतींत तुळई आणि खांब जोडणाऱ्या वेल्डांना तडे सापडले, बहुतेक खालच्या फ्लँजच्या वेल्डला. या सांध्याचा हिशेब अनेक वर्षे एका सोप्या वाटणीवर चालत आला होता: मोमेंट फ्लँजच्या, म्हणजे तुळईच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांच्या, वेल्डने घ्यायचा, उभी कातर वेबच्या, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीच्या, बोल्टने. भूकंपानंतर मिशिगन विद्यापीठात सुभाष गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायनाइट एलिमेंटने हाच सांधा तपासला तेव्हा खांबाच्या तोंडाशी कातर वेबमधून तिरकी वळून फ्लँजमध्ये शिरते असे दिसले. ज्या वेल्डला कातर नाही असे गृहीत धरले होते त्याच्यावर ती मोठ्या प्रमाणात येत होती. दोष एवढाच होता असे नाही. त्या काळी वापरात असलेल्या रॉडच्या एका प्रकाराचा वेल्ड ठिसूळ पडत असे, वेल्डखाली ठेवलेली आधारपट्टी तशीच सोडल्याने तिथे आयती फट राहत असे, आणि तपासणीही ढिली होती. पण भाराची वाटणी चुकलेली असताना उत्तम रॉड वापरूनही तो हिशेब बरोबर झाला नसता. आणि ती चूक लाल ठिपका पाहून उघडी पडली नाही. छेद घेऊन वेब किती बल नेते आणि फ्लँज किती, हे विचारल्यावर पडली.

दुसरा आक्षेप जाणकार मंडळी घेतात. एकूण बल मेशवर अवलंबून नाही हे कबूल, पण वेल्डच्या लांबीवर ते कसे पसरते, टोकाला किती दाटते, याला पुन्हा मेशची झळ लागतेच; मग अनंताचा प्रश्न मागच्या दाराने आत आलाच की. खरे आहे, टोकाला दाटी होते आणि मेश बारीक केली की ती थोडी वाढते. पण इथे भार एकदाच यायचा आहे की पुन्हा पुन्हा, हे पाहावे लागते. शेडच्या छपरासारखा स्थिर भार असेल तर टोकाचा वेल्ड थोडा नमतो आणि उरलेले बल शेजाऱ्याकडे सरकवतो. चांगल्या वेल्डमध्ये एवढी नम्रता असते. तिलाही मर्यादा आहे हे मानकाला माहीत आहे: सांधा थ्रोटच्या १५० पटींहून लांब असेल तर आयएस ८०० त्याची ताकद कापून घ्यायला सांगते, कारण इतक्या लांबीत टोके फाटतात तेव्हा मधला भाग अजून आरामात असतो. स्थिर भारासाठी एका वाजवी लांबीवर, समजा प्लेटीच्या जाडीइतक्या, बलाची सरासरी घेणे योग्यच आहे. जिथे भार लाखो वेळा येतो-जातो तिथे ही सवलत नाही. तिथे वेल्ड नमत नाही, तडकतो.

म्हणूनच तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: फटीगसाठी तर स्थानिक स्ट्रेसच लागतो, मग स्ट्रेस विचारू नका असे कसे म्हणता? उत्तर असे की फटीगची शहाणी पद्धतही कोपऱ्यातला आकडा घेत नाही. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशी वेल्डच्या कडेपासून प्लेटीच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे दोन आकडे घेऊन त्यांतून कडेपर्यंत सरळ रेष ओढायला सांगतात. प्लेट १० मिलिमीटरची असेल तर ४ आणि १० मिलिमीटरवर वाचायचे. तिथे १२० आणि १०५ मेगापास्कल मिळाले तर पहिल्याची १.६७ पट वजा दुसऱ्याची ०.६७ पट, म्हणजे १३०. याला हॉट-स्पॉट स्ट्रेस म्हणतात. नाव भडक असले तरी पद्धत मोठी सावध आहे: अनंताच्या जवळ जायचे नाही, लांबून त्याची दिशा पाहायची. सगळ्यात बारीक पद्धतीत कडेला १ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मुद्दाम काढतात आणि तिथला स्ट्रेस मोजतात. पण प्रत्येक पद्धतीचा तराजू वेगळा आहे. स्टीलला २० लाख आवर्तनांसाठी हॉट-स्पॉटने ९० किंवा १०० मेगापास्कल चालतात, तर गोलाईच्या पद्धतीने २२५. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या तराजूत टाकला की हिशेब नुसता दिसायला हिशेब राहतो.

त्यातही हॉट-स्पॉटची पद्धत वेल्डच्या कडेपुरती आहे. तडा कधी कधी आतून, वेल्डच्या मुळातून निघतो, जिथे दोन प्लेटींमधली न वितळलेली फट संपते. तो बाहेरून दिसत नाही आणि दिसतो तेव्हा वेल्ड संपलेला असतो. त्या जागेसाठी युरोपीय मानकाचा फटीग-वर्ग, म्हणजे २० लाख आवर्तनांना चालणारी स्ट्रेसची ये-जा, अवघा ३६ मेगापास्कलचा आहे, आणि तो लागू करायचा तो थ्रोटवरच्या सरळ भागाकाराला, म्हणजे पुन्हा बल भागिले थ्रोट. आपल्या ब्रॅकेटकडे परत पाहा. स्थिर भाराला तिचा वेल्ड अर्धी ताकदही वापरत नव्हता. तोच २० किलोन्यूटन भार २० लाख वेळा आला आणि गेला तर आडव्या २२५ न्यूटनांमुळे थ्रोटवर सुमारे ५४ मेगापास्कलची ये-जा होते, आणि चालतात ३६. सुरक्षिततेचे गुणक लावण्याआधीच साइज ६ वरून ९ मिलिमीटर करावी लागते. हे कळायला रंगीत चित्राची गरज पडली नाही. लाल ठिपका तर मुळापर्यंत पोचतही नाही, कारण शेलच्या मॉडेलमध्ये मूळ नावाची जागाच नसते.

मग वेल्डचा खराखुरा आकार घन एलिमेंटने का काढू नये, हा चौथा आक्षेप. हल्ली संगणकाला ते जड नाही. काढावा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. दुहेरी फिलेटमध्ये दोन प्लेटी एकमेकींना टेकलेल्या असतात, जोडलेल्या नसतात. ओढ लागली की सगळे बल वेल्डमधूनच जायला हवे. मॉडेल करताना घाईत दोन प्लेटींचे नोड एकत्र चिकटवले की बल सरळ प्लेटीतून प्लेटीत उतरते आणि देखणा, तपशीलवार काढलेला वेल्ड जवळजवळ रिकामा बसतो. अशा मॉडेलपेक्षा वेल्ड न काढलेले साधे शेल मॉडेल जास्त प्रामाणिक. दुसरे म्हणजे संगणकातला वेल्ड सगळीकडे सारखा असतो. शॉप फ्लोअरवरचा वेल्ड कुठे फुगतो, कुठे कड खातो, कुठे रॉड बदलताना खड्डा पडतो. वेल्ड थंड होताना आत अडकून राहिलेला स्ट्रेस बहुधा स्टीलच्या नमण्याच्या मर्यादेपर्यंत पोचलेला असतो, आणि तो कोणत्याही रोजच्या मॉडेलमध्ये नसतो. फटीगच्या वर्गांनी ही सगळी अव्यवस्था आधीच पोटात घेतली आहे. म्हणून तर ते इतके कमी आहेत आणि म्हणूनच त्यांत एकूण स्ट्रेसऐवजी त्याची ये-जा मोजतात.

बलाच्या हिशेबालाही एक आंधळी जागा आहे. ज्या वेल्डला आपण भाराचा मानतच नाही त्याचे बल कोणी मागत नाही. अलेक्झांडर किलँड हा पाच पायांचा नॉर्वेजियन तरता फलाट २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी उत्तर समुद्रातल्या इकोफिस्क तेलक्षेत्रात उलटला. तेव्हा तो कामगारांच्या निवासासाठी वापरात होता. २१२ पैकी १२३ माणसे गेली. त्याच्या एका आडव्या नळीत, २.६ मीटर व्यासाच्या डी-६ या दांड्यात, भोक पाडून ३२५ मिलिमीटर व्यासाची छोटी नळी बसवली होती. पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या हायड्रोफोनसाठी. तिला जोडणारा फिलेट वेल्ड ६ मिलिमीटरचा होता. ती नळी कसलाही भार उचलायला नव्हती, म्हणून तिचा वेल्ड किरकोळ ठरला. पण भार पेलणाऱ्या दांड्यात भोक पडले की काठाशी स्ट्रेस तिप्पट होतो, हे किर्शने १८९८ मध्येच दाखवले होते, आणि त्या भोकात ताठ नळी वेल्ड केली की दांड्याचे ताणणे तिच्यावर लादले जाते. लाटांनी दांडा ताणला-दाबला, वेल्ड त्याच्याबरोबर ओढला गेला, तिथून निघालेला फटीगचा तडा दांडाभर फिरला, डी-६ तुटला, पाठोपाठ तो ज्या पायाला जोडला होता त्याचे उरलेले पाच दांडे तुटले आणि तो पाय सुटला. चौकशीत तड्याच्या पृष्ठभागावर रंगाचे अंश मिळाले. म्हणजे फलाट रंगवला तेव्हाच वेल्डला तडा होता. तो तडा कुठल्याही मॉडेलमध्ये दिसला नसता. पण त्या नळीला एलिमेंट दिले असते आणि वेल्डच्या रेषेवरचे बल मागितले असते तर ती भाराबाहेर नाही एवढे दिसले असते, आणि मग तिथे तपासणीवाला पाठवावासा वाटला असता.

पुणे-चाकण पट्ट्यात चासी, क्रेन आणि प्रेशर व्हेसलचे असे हिशेब रोज होतात आणि त्यांचे अहवाल निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर रोज येतात. तुमच्या टेबलावर असा अहवाल आला तर रंगीत पाने उलटण्याआधी तीन गोष्टी मागा: वेल्डच्या प्रत्येक रेषेवरचे दर मिलिमीटरचे बल, टोकाच्या नोडचा हिशेब कसा केला त्याची एक ओळ, आणि सगळ्या रेषांची मिळून बेरीज. ती बेरीज लावलेल्या भाराशी जुळत नसेल तर काही भार तुम्हाला न सांगता दुसऱ्या वाटेने गेला आहे. ती वाट सापडेपर्यंत सही करू नका.